ताईच्या डाव्या गालाचं भरण

...आणि वर मलाच म्हणते, "गुंड्या, तुला गालातलं काय कळतं? गप्प बस तू!" मला? मला भरण्यातलं कळत नाही? अहो, उभा जन्म गेला माझा भरण्यात! सोफे भरले, गाद्या भरल्या, खुर्च्या भरल्या, एकदा तर एका हौशी गृहस्थाचा मेलेला पोपट भरून दिला... तो पुढे बदकासारखा दिसायला लागला ही गोष्ट वेगळी, पण भरला होता ना टम्म! आणि ही माझी सख्खी थोरली बहीण, गालात काय भरायचं ते ठरवताना जगाला विचारणार, डॉक्टरांना विचारणार, आणि भिंतीपलीकडे दाभण घेऊन बसलेला भाऊ... तो गप्प!

बरं, प्रश्न तरी काय विचारते? एकच. कुठंही न्या, काहीही दाखवा, मान थोडी तिरकी करणार, डोळे बारीक करणार आणि म्हणणार, "आणि काढायचं झालं तर?"

तुम्हाला सांगतो, हा प्रश्न आजचा नाही. लहानपणी मी शर्टाची गुंडी गिळली. घरात हा गोंधळ! आई रडतेय, वडील मला पायांना धरून उलटा हलवताहेत, शेजारची काकू म्हणते, "राहिली आत तर राहू द्या हो, पोर काय पोटात शर्ट घालणार आहे?" आणि ही ताई, एवढीशी, फ्रॉकला नाक पुसत सगळ्यांच्या मधे उभी राहून विचारते, "आणि काढायची झाली तर?" गुंडी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेनं निघाली, पण 'गुंड्या' हे नाव जे चिकटलं ते काही निघालं नाही. आता मला नातवंडं झाली, तोंडात दात कमी आणि कवळी जास्त, तरी हिच्या दुकानातून हाक येते, "गुंड्याऽऽ, तुझी ठोकाठोक बंद कर, गिऱ्हाइकाची मान हलतेय!"

हो, दुकान! ते सांगायचं राहिलंच. आमची दुकानं एकाला एक लागून. मधे भिंत. इकडं मी सोफे शिवतो, तिकडं ताई बायकांचे केस कापते. धंदे बघा कसे! मी भरतो, ती काढते. माझ्या धंद्यात मोठा शब्द म्हणजे 'कायमचं'. गिऱ्हाईक आलं की मी छाती ठोकून सांगतो, "बाई, असा भरून देतो, तुमच्या सुनेची सून यावर बसेल!" आणि ताईच्या धंद्यात काहीच कायमचं नाही. आज कापले, चार दिवसांनी वाढले. वाईट कापले तरी वाढले! म्हणजे चूक केली तरी निसर्ग पुसून टाकतो. असला आरामाचा धंदा मी दुसरा पाहिला नाही.

आराम म्हणालो खरा, पण आराम तिच्या वाट्याला कुठला? ताईला तो आजार आहे. ऑटोइम्यून. हा शब्द तोंडात बसायलाच मला पावसाळा गेला. चौथीत शाळा सोडलेला माणूस मी, पण साधं करून सांगतो. घराच्या राखणीला कुत्रा पाळलेला असतो ना? चोर आला की चावायचं, एवढंच काम. तसा कुत्रा आपल्या सगळ्यांच्या अंगात असतो म्हणे. ताईचा कुत्रा जरा डोक्यानं... म्हणजे मालकिणीलाच चोर समजतो! कधी बोटांना चावला, कधी गुडघ्यांना. एक काळ असा होता, बोटं सुजून गाजरासारखी झाली, कात्री धरली की पडायची, धरली की पडायची, शेवटी दुकानाला कुलूप. ताई खिडकीत बसायची आणि रस्त्यानं जाणाऱ्यांकडं बघून म्हणायची, "हिचे मागून वाढलेत... हिला पुढं कापायला हवेत..." मी मोठा चेष्टेखोर माणूस, मयतीतही हसवतो लोकांना, पण त्या खिडकीसमोर मला एक विनोद सुचला नाही, सांगतो.

मग ते सांधेवाले डॉक्टर भेटले. बोलायला अतिशय कंजूष. चेहरा असा, जणू शब्दांना रेशनिंग आहे. पण औषधं लागू पडली. कुत्रा झोपला. बोटं परत बोटांसारखी झाली, कात्री परत चकचक चालायला लागली. फक्त झोपायच्या आधी त्या मेल्यानं जाता जाता एक शेवटचा घास घेतला. ताईच्या डाव्या गालाखालची चरबी! कातडी वर तशीच आणि आत खड्डा, अर्धं अक्रोड बसेल असा. उजवीकडून बघा, माझी ताई. डावीकडून बघा, माझी आजी.

आता तुम्ही म्हणाल, या वयात गालाचं काय एवढं? हेच आमचा समोरचा घड्याळवाला म्हणाला. डोळ्याला ते भिंग लावून, माणसाकडं नीट न बघता बोलायची सवय त्याला. "ताई, आता गाल भरून काय करायचंय? आपलं वय झालं!" ताईनं कात्री पुसली, शांतपणे म्हणाली, "भाऊ, दिवसभर तुमच्यासमोर घड्याळं असतात. माझ्यासमोर आरसा असतो." बस्स. भिंग खाली पडलं त्याचं.

आणि खरंच की हो! केस कापणारीनं आरशापासून पळायचं कुठं? समोर भिंतभर आरसा, त्यात गिऱ्हाइकाचं तोंड आणि त्याच्या वर आपलं. मग हिनं एक युक्ती काढली. कोणाला सांगितली नाही. गिऱ्हाइकाच्या मागं उभं राहायचंच सोडलं. खुर्चीच्या उजव्या अंगाला उभी राहायची, म्हणजे आरशाकडं फक्त उजवा गाल. उजवीकडचे केस कापून झाले की जागा न सोडता, डोक्यावरून हात टाकून, पलीकडचे अंदाजानं! परिणाम काय? अहो, अख्ख्या वस्तीतल्या बायकांचे केस डावीकडं बोटभर लांब! शाळेच्या मोठ्या बाई घ्या, औषधाच्या दुकानातली मुलगी घ्या, माझी सून घ्या, सगळ्या एका बाजूला कललेल्या! बाहेरगावचा माणूस आला की त्याला वाटायचं, आपणच तिरके चालतोय. आणि ताईवर माया अशी लोकांची, की एक बाई बोलेल तर शपथ! सगळ्या आपल्या मान जराशी वाकडी धरायच्या, की झाले केस सरळ!

मला काय माहीत कारण? मला वाटलं हिची नजर गेली. मग मी कसला गप्प बसतोय! गवंड्याकडून भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा मागून आणला आणि सकाळी हिच्या यायच्या आधी बरोब्बर आरशासमोर छताला टांगला. म्हटलं, घे, आता काप सरळ! ताई आली. ओळंब्याकडं बघितलं. मी दाराआड तोंडावर हात दाबून उभा, आता शिवी येणार, मग येणार... शिवी आली नाही. ती म्हणाली, "गुंड्या, ओळंबा राहू दे. तेवढा आरसा काढता येतो का बघ."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात कारण शिरलं.

मग ठरलं. गाल भरायचा. आणि भरायचं म्हटल्यावर पुढारी कोण? मी! शोध लावला. रस्त्याच्या टोकाला, जिन्यावर, गाल-ओठ भरून देणारी एक नवी बाई आली होती, दारावर दिवे, आत दिवे, बाईच्या गालांवर दिवे. मी तिचं नाव चमकबाई ठेवलं. आधी एकटा जाऊन बोलून आलो. ती म्हणाली, "काका, एकदा भरलं की कायमचं!" कायमचं! अहो, माझाच शब्द! मला वाटलं, ही तर माझी मानसकन्या! लगेच ताईला ओढत नेली.

चमकबाईनं ताईला झुकत्या खुर्चीत बसवलं, गळ्याशी कागदी फडकं बांधलं, आणि मधात बुडवलेल्या आवाजात सुरू, "काऽही घाबरायचं नाही, माऊ! एक सुई, एक मिनिट, कायमचं गोबरं गोबरं!" माऊ! सत्तरीकडं निघालेली माझी ताई, माऊ! मी कोपऱ्यात खूश. तेवढ्यात ताईनं मान तिरकी केली, डोळे बारीक केले... मी मनात म्हटलं, आलं!

"आणि काढायचं झालं तर?"

"अय्या, काढायचं कशाला? कायमचं आहे ना!"

"आत काय असतं?"

"परदेशी असतं."

"त्या परदेशीला नाव असेल ना?"

"खूप मोठं नाव आहे, माऊ, लक्षात राहात नाही."

"माझा आजार नाही विचारलात तुम्ही."

"आम्ही नं, इथं आजाराचं काही बोलतच नाही. वातावरण आनंदी ठेवतो!"

ताई उठली. ते कागदी फडकं गळ्यात तसंच. फडफडत जिना उतरली. मागून मी, "ताई, अगं, कायमचं म्हणतेय ती!" ताई मधल्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, "गुंड्या, माझा कुत्रा झोपलाय. कसलंतरी कायमचं हाड मी त्याच्या नाकाशी पुरून ठेवू? जागा झाला, तर आधी कुठं चावेल?" आणि हात पुढं केला. उजवा. कात्रीचा. बोटं उघडली, मिटली.

आता मला सांगा, गालासाठी हात घालवायचा? पण हात सांभाळायचे म्हणून जन्मभर आरशाकडं पाठ करायची? ताईचं सगळं अडलं होतं ते इथं. मी आपलं फडकं सोडवून दिलं. गाठसुद्धा चमकबाईनं कायमची मारली होती!

मग आम्ही सांधेवाल्या डॉक्टरांकडं. ताईनं सरळ विचारलं, भरू का? डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या बघितल्या, बोटं दाबून बघितली, गाल बघितला, छताकडं बघितलं. मला वाटलं, गेले हे. मग म्हणाले, "थांबा."

"किती?"

"अजून थोडं. आजार शांत आहे, तो शांत राहतोय का बघू. औषध आपल्या मनानं बंद करायचं नाही. राहिला शांत, तर भरा. पण विरघळवता येणारंच. कायमचं नको. आणि कातडीच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलेन."

एवढं बोलून ते दमले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, वर्षभराचं बोलणं एका दमात! तरी मी विचारलंच, "डॉक्टर, कायमचं का नको? टिकाऊ वस्तू चांगली नाही का?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पाहुण्याशी पटलं नाही, तर त्याला दाराबाहेर काढता यायला हवं." झालं. पुढचा पेशंट!

तुम्हाला सांगतो, ते थांबणं! ताई थांबली, मला थांबवेना. माझं आपलं भिंतीवरून रोज चालू, "झोपलाय का गं?" तिकडून, "झोपलाय!" गिऱ्हाइकांना वाटायचं घरात तान्हं मूल आहे. एक बाई तर झबलं घेऊन आली.

ऋतू पालटला, कुत्रा झोपलेलाच. मग कातडीच्या डॉक्टरीणबाई. वयानं माझ्या नातीएवढी, आवाज असा की रागावली तरी अंगाई वाटावी. आणि बघा हं, पहिलं काय विचारलं? आजार! दुसरं काय? औषधं! तिसरं? दातांचं काही काम चाललंय का, अंगात कुठं ताप, जखम, काही? चमकबाईच्या डोक्यावर नेऊन आपटावीशी वाटली ही प्रश्नावली!

पहिल्यांदा तिनं एक पर्याय असा सांगितला, की पोटावरची स्वतःची चरबी काढून गालात घालतात. मी लगेच शर्ट वर केला. "घ्या! हवी तेवढी घ्या! भाऊ आहे मी तिचा!" डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजोबा, शर्ट खाली घ्या. दुसऱ्याची चालत नाही." आजोबा! "आणि ताईंच्या बाबतीत मला तेही नको वाटतं. आजारानं चरबीच खाल्लीय, परत चरबीच वाढून ठेवायची?" मग तिनं एक बारीक नळी दाखवली, आत पाण्यासारखा स्वच्छ, घट्टसर रस. ताईनं मान तिरकी केली. मी आणि डॉक्टरीणबाई, दोघंही वाट बघतोय.

"आणि काढायचं झालं तर?"

"आहे. दुसरी सुई आहे. ती दिली की हे विरघळतं."

ताईनं श्वास सोडला, तुम्हाला सांगतो, गुंडी गिळली त्या दिवसापासून जो धरून ठेवला होता तो.

डॉक्टरीणबाई पुढं म्हणाली, "धोका अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही हं. सूज येईल, एखादी गाठ येऊ शकते. कातडी पांढरी पडली, दुखलं, नजरेला काही वाटलं, तर तडक माझ्याकडं यायचं, सकाळची वाट बघायची नाही. आधी कानामागं अगदी थेंबभर देऊन बघू. तो गुण्यागोविंदानं राहिला, तर गाल. आणि एक, हे टिकत नाही. वर्षभरानं, फार तर थोडं पुढं, हळूहळू जिरतं."

"टिकत नाही?" मी खुर्चीतून उठलोच! "मग घ्यायचं कशाला? ही काय वस्तू झाली? मी असा सोफा दिला तर लोक मारतील मला!" आणि ताई? ताई हसत होती! "अरे गाढवा, माझा अख्खा धंदा न टिकण्यावर चाललाय! वाढले की पुन्हा कापायचे, जिरलं की पुन्हा ठरवायचं, हवं का नको!"

थेंब दिला. कान रोज मी तपासायचो, चष्मा लावून, विजेरी घेऊन. थेंब गुणी निघाला. आणि मग गालाचा दिवस. मी डॉक्टरीणबाईला कामाचा सल्ला दिला, माणूस अनुभवी आहे, सांगायला नको? म्हटलं, "बाई, जरा दाबून भरा हं. भरण नंतर बसतं. मी नेहमी चार मुठी जास्तीच घालतो." ती म्हणाली, "आजोबा, हे बसत नाही. हे पाणी धरतं, उलट थोडं फुगतं. मी कमीच घालणार." आणि मला बाहेर काढलं. काढायचं झालं तर मला काढायला कोणाला सुईसुद्धा लागत नाही बघा!

बाहेर सोफा होता. बसलो, तर कुल्ल्याला काहीतरी टोचलं. स्प्रिंग! सगळे पेशंट आपले भिंतीला टेकून उभे, मला वाटलं शिस्तीचे आहेत. मी खाली वाकून टाका बघितला आणि... अहो, माझाच! तरुणपणचा माझा हात! एवढी वर्षं झाली तरी एक खिळा हललेला नव्हता. कायमचं म्हणजे कायमचं! फक्त बसता येत नव्हतं कोणाला. म्हटलं, एवढी एक स्प्रिंग काढून देऊ. खिशात दाभण असतंच. पण निघेल तर ना! चिकटवायचा सरस असा ओतला होता मी पठ्ठ्यानं, की काथ्या, कापूस, लाकूड, सगळं एकजीव. ओढलं तर कापड फाटलं, पुन्हा ओढलं तर पाय निघाला. स्प्रिंग जागच्या जागी! डॉक्टरीणबाईची दारावरची मुलगी धावत आली, "काका, काय करताय?" आणि नेमकी त्याच वेळी ताई बाहेर आली.

मी जमिनीवर, मांडीत सोफ्याचा पाय, केसांत काथ्या. ताईनं सोफ्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मान तिरकी केली, डोळे बारीक केले, एवढंच! आणि गाल... जरा लाल, जरा सुजलेला, पण खड्डा नाही. गोबराबिबरा नाही, हं. आपला साधा, उजव्याच्या जोडीचा डावा गाल.

सूज उतरली. ताई रोज सकाळी दुकान उघडलं की आधी हवेत कात्री चालवते, चक चक चक. भिंतीपलीकडं मी हातोडा थांबवून ऐकतो. कात्री पडल्याचा आवाज येत नाही. मग मी खिळा ठोकतो. आणि एका सकाळी, शाळेच्या मोठ्या बाई खुर्चीत असताना, ताई खुर्चीला वळसा घालून डाव्या अंगाला येऊन उभी राहिली. आरशात बघितलं. बराच वेळ. मोठ्या बाई म्हणाल्या, "ताई, माझ्या केसात काही आहे का?" ताई म्हणाली, "नाही हो. माझं काम आहे जरा." आणि मग दोन्ही बाजूंनी, समोरून, मागून, असे केस कापले, ओळंब्याच्या दोरीसारखे सरळ!

आता इथं गोष्ट संपायला हवी की नाही? माणसानं सुखानं चहा प्यावा की नाही? पण नाही! दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई परत. "ताई, राग मानू नका, पण हे वाकडे झालेत." वाकडे! मागोमाग औषधाच्या दुकानातली मुलगी, "डावीकडं कमी झालेत हो, तोल गेल्यासारखा वाटतो." माझी सून घरी आरशासमोर उभी, मान वाकडी, आणि मला म्हणते, "आत्यांची नजर गेली की काय?" अहो, सगळ्यांच्या माना तशाच बसल्यात! वाकडी मान आणि सरळ केस, दिसणार कसं बरोबर?

झालं. ताई आता परत खुर्चीच्या उजव्या अंगाला उभी राहते, डोक्यावरून हात टाकून डावीकडं बोटभर लांब ठेवते, आणि तो डावा गाल, ज्याच्यासाठी एवढं केलं, तो भिंतीकडं, माझ्या बाजूला. भिंतीत आता एक झरोका पाडलाय, तेवढा मीच बघतो तो. परवा त्यातून विचारलं, "ताई, तुझ्या गालातलं विरघळवायला सुई आहे म्हणे. पण या बायांच्या डोक्यात तू जे भरून ठेवलंयस... ते काढायचं झालं तर?"

कात्री थांबली. पलीकडून आवाज आला, "ते कायमचं आहे, गुंड्या. तू भरलेल्या सोफ्यासारखं."